पक्षी धडकायच्या आधी आणि धडकल्यावर: तीन फुकट सर्विसेसचा रिव्ह्यू (छोटं विमान उडवणाऱ्यांसाठी)

आधीच सांगते, एअरलाइनने खिडकीशेजारी बसून जाणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू नाहीये. स्वतः सेसना-पायपर उडवणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही पुण्या-मुंबई-नाशिकहून घरच्यांचे पैसे लावून कमर्शियल लायसन्ससाठी फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोनात येणाऱ्या पोरापोरींसाठी जास्त. माझा भाचा सध्या त्यातलाच एक. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, ब्रीफिंगला नुसतं 'वॉच फॉर बर्ड्स' म्हणतात आणि पुढे जातात, म्हणजे मी नक्की करायचं काय गं?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी ओहायोत डेटनजवळ राहते, क्लबचं सेसना १७२ भाड्याने घेऊन शनिवार-रविवारी उडवते, आणि इथे अमेरिकेत या विषयावर तीन सर्विसेस आहेत ज्यांना एक पैसा पडत नाही. अहास (पक्षी धडकायचा धोका किती ते सांगणारी), बर्डकास्ट (पक्ष्यांच्या स्थलांतराचा अंदाज देणारी), आणि स्मिथसोनियनची फेदर लॅब (धडकलेला पक्षी कोणता ते ओळखणारी). फुकट ते पौष्टिक म्हणतात तसं आहे, फक्त तिन्ही वेगवेगळ्या कामाच्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

आता काही जण म्हणतील एअरपोर्ट सांगतोच की. सांगतो ना! जवळपास प्रत्येक एअरपोर्टच्या माहितीत एकच ठरलेली ओळ असते, विमानतळावर आणि आसपास पक्षी आहेत. एटीआयएस (विमानतळाची रेडिओवरची रेकॉर्ड केलेली माहिती) लावा, तेच. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, जानेवारीत तेच, ऑक्टोबरमध्ये तेच. रेल्वे स्टेशनवर 'आपल्या सामानाची काळजी घ्या' ऐकून कोणी बॅगेकडे वळून बघतं का? तसंच कानावरून जातं. कुठले पक्षी, केवढे, किती उंचीवर, कुठल्या वेळेला, यातलं काहीही नाही. टॉवरवाला कधीकधी "गीज, रनवेच्या उत्तर टोकाला" असं सांगतो (गीज म्हणजे बदकांच्या कुळातले मोठे हंस, एकटा असेल तर गूज) तेव्हा मात्र कान टवकारायचे, कारण ते त्याने स्वतः डोळ्यांनी बघितलेलं असतं.

आणि आपल्यासारख्यांना काळजी जास्त का, तर मोठ्या प्रवासी विमानाच्या पुढच्या काचेला चार पौंडाचा पक्षी क्रूझच्या स्पीडला बसला तरी तो आत येता कामा नये असा नियम आहे. १७२ सारख्या विमानाच्या काचेला असला काही नियमच नाही, ती ॲक्रिलिकची असते बस. आपला स्पीड कमी हे एक बरं, कारण स्पीड दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते, पण आपण उडतो कुठे, तर नेमकं पक्ष्यांच्याच मजल्यावर. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, आकड्यांत प्रवासी विमानांना बसणाऱ्या धडकांपैकी सुमारे ७० टक्के जमिनीपासून ५०० फुटांच्या आत होतात, आणि ३,५०० फुटांच्या वर उरतात फक्त ८-१० टक्के. एअरलाइनवाला हा पट्टा काही मिनिटांत पार करतो. आपण अख्खा दिवस पॅटर्नमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या चौकटीत, त्याच पट्ट्यात घिरट्या घालतो.

तर पहिली सर्विस, अहास. हे अमेरिकन एअर फोर्सचं आहे, नागरी लोकांनाही उघडं आहे, लॉगिन नाही काही नाही. याच्या मागचा इतिहास वाईट आहे. २२ सप्टेंबर १९९५ ला अलास्कातल्या एल्मेंडॉर्फ तळावरून टेकऑफ घेताना 'युक्ला २७' नावाच्या अवॅक्स (रडारने टेहळणी करणाऱ्या) विमानाच्या इंजिनांत कॅनडा गीज गेले आणि विमानातले सगळे २४ जण गेले. चार इंजिनांचं एवढं मोठं विमान. त्यानंतर एअर फोर्सने हा विषय जास्त मनावर घेतला.

साइट दिसायला सरकारी, म्हणजे सुंदर वगैरे अपेक्षा ठेवू नका. एअरफिल्ड किंवा मिलिटरी रूट निवडायचा, तारीख आणि तास टाकायचा, की एक तक्ता येतो आणि त्यात लो, मॉडरेट किंवा सिव्हिअर. मी राइट-पॅटरसन निवडते, कारण आम्ही उडतो तिथून ते जवळ आहे. बहुतेक लोक इथे हिरवा-पिवळा-लाल बघतात आणि टॅब बंद करतात. तसं करू नका. शेजारी एक कॉलम असतो, हा अंदाज कशावरून काढला ते सांगणारा, आणि खरा माल तिथे आहे. तिथे 'नेक्सरॅड' लिहिलं असेल तर हवामानाच्या रडारला त्या वेळी खरोखर आकाशात पक्षी दिसतायत. 'सोअर' असेल तर हवेतल्या थर्मलवरून (तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा) काढलेला अंदाज आहे, म्हणजे तरंगत घिरट्या घालणारी गिधाडं, घारी, ससाणे आज किती आणि किती उंच जातील. आणि 'बॅम' असेल तर कोणीही काहीही बघितलेलं नाही, तो जुन्या नोंदींचा हिशोब आहे. वर्षाचे दोन-दोन आठवड्यांचे २६ तुकडे, दिवसाचे चार तुकडे म्हणजे पहाट, दिवस, संध्याकाळ, रात्र, आणि प्रत्येक चौरस किलोमीटरला पक्ष्यांचं साधारण वजन किती असतं ते. वजन बरं का, संख्या नाही. ही गोष्ट मला जाम आवडली, कारण काचेवर शंभर चिमण्या आणि एक गूज यातलं काय आलं तर आपण घरी जाऊ हे कोणालाही कळतं.

म्हणून 'बॅम'वरून मॉडरेट आलं तर मी त्याला या मोसमात इथे असं असतं एवढंच समजते. 'नेक्सरॅड'वरून मॉडरेट आलं तर चहा घेते, तासभर थांबते. उन्हाळ्यात दुपारी 'सोअर' वर गेलेला दिसला की ढगांखाली थर्मलमध्ये गिधाडं असणार हे धरूनच चालायचं. ओहायोत टर्की व्हल्चर मार्चमध्ये परत येतात, हिंकली नावाच्या गावात १५ मार्चला त्यांच्या स्वागताला लोक जमतात, अक्षरशः जत्रा भरते. आपल्याकडे गिधाडं दिसेनाशी झाली म्हणून जीव हळहळतो आणि इथे मी त्याच गिधाडाला वरून शिव्या घालत वळण घेते, काय बोलायचं.

कमी काय, तर हे बनवलं आहे मिलिटरीसाठी आणि ते जाणवतं. यादीत तुमचं गावठी म्युनिसिपल स्ट्रिप सापडेलच असं नाही, जवळचा मोठा तळ धरून अंदाज बांधावा लागतो. आणि रडारची किरणं लांब जाताना उंच होत जातात, त्यामुळे रडारपासून दूर असाल तर अगदी खालचे पक्षी त्याला दिसतच नाहीत. म्हणजे रनवेशेजारच्या गवतात बसलेला थवा कुठल्याही साइटवर येणार नाही, तो तुम्हालाच बघावा लागणार. पाचात साडेतीन देते. मिलिटरी पायलट असते तर साडेचार दिले असते.

दुसरी, बर्डकास्ट. कॉर्नेल विद्यापीठाची पक्ष्यांची लॅब आणि आणखी विद्यापीठं मिळून चालवतात, ही मुळात पक्षीप्रेमींसाठी आहे आणि देखणी आहे, नकाशा बघून डोळे निवतात. वसंतात आणि मग ऑगस्टपासून शरदात, स्थलांतराच्या मोसमात, पुढच्या तीन रात्रींचा अंदाज देतात, आणि तुमच्या काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) डॅशबोर्ड उघडला तर काल सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत किती पक्षी तुमच्या डोक्यावरून गेले, कुठल्या दिशेला, किती स्पीडने आणि किती फुटांवरून हे सगळं. पहिल्यांदा बघाल तेव्हा आकडा वाचून डोळे पांढरे होतील, एका रात्रीत एका काउंटीवरून लाखांच्या हिशोबात पक्षी जातात आणि आपण खाली गाढ झोपलेले असतो.

नाइट क्रॉस कंट्री (रात्री एका एअरपोर्टवरून लांबच्या दुसऱ्या एअरपोर्टला जाणारा फ्लाइट) करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे बघितल्याशिवाय जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांना वाटतं रात्री पक्षी झोपतात. झोपतात कसले! छोटे पक्षी बहुतेक रात्रीच लांबचा पल्ला मारतात, आणि गीज-बदकंही. २३ ऑक्टोबर २००७ ला नॉर्थ डकोटा विद्यापीठाचं एक पायपर सेमिनोल, इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी, रात्रीचा ट्रेनिंग फ्लाइट, मिनेसोटात ब्राउअरव्हिलजवळ कोसळलं. दोघंही गेले. तपासात विमानावर कॅनडा गूजचे अवशेष सापडले, शेपटीच्या डाव्या भागावर धडक बसली होती. ऑक्टोबर, रात्र, स्थलांतराचा मार्ग, तिन्ही गोष्टी एकत्र. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला, पण घाबरवायला सांगितलं नव्हतं, त्याचा तसलाच फ्लाइट पुढच्याच आठवड्यात होता म्हणून सांगितलं.

पण बर्डकास्टचा एक तोटा ध्यानात ठेवा, ते मोजतं संख्या. दोन लाख वॉर्बलर नावाचे चिमुकले पक्षी, प्रत्येकाचं वजन दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आकडा भयानक आणि धोका त्या मानाने कमी. उलट गोल्फ कोर्सवर वर्षभर मुक्काम ठोकून बसलेले, आता कुठेच न जाणारे चाळीस गीज, त्यांचा या नकाशाशी संबंधच नाही, ते सकाळी तळ्यातून उठून गवताकडे जाताना तुमचं फायनल (उतरण्याआधीचा, रनवेच्या रेषेतला शेवटचा टप्पा) ओलांडणार. म्हणून उंचीचा आकडा वापरा. सरासरी उंची दीड हजार फूट दिसत असेल आणि तुम्ही अडीच हजारवर जाणार असाल तर साडेतीन-साडेचार का नको, पेट्रोल थोडं जास्त जाईल एवढंच. पक्षीप्रेमींसाठी पाच, पायलटसाठी चार.

आता तिसरी, आणि खरं म्हणजे हिच्यासाठीच लिहायला बसले.

मागच्या वर्षी उन्हाळा सरता सरता फायनलवर असताना डाव्या पंखाच्या स्ट्रटवर (पंखाला आधार देणारा दांडा) काहीतरी टपकन आपटलं. आवाज केवढा, तर कोणी टेनिसचा बॉल मारावा एवढा. विमानाला काही जाणवलंही नाही, नीट उतरले, पार्क केलं आणि बघितलं तर स्ट्रटच्या वरच्या बाजूला रक्ताचा एक पट्टा, बोटभर, आणि त्यात चिकटलेली दोन बारीक पांढरट पिसं आणि थोडी लव. पोचा नाही, काही नाही. शेजारच्या हँगरचे आजोबा पाण्याची बादली आणि फडकं घेऊन आलेसुद्धा, "धुऊन टाक, झालं." आणि नव्वद टक्के लोक तेच करतात.

धुवायचं नाही! पाणी तर अजिबातच नाही, ब्लीच नाही, पिसं सेलोटेपने चिकटवायची नाहीत, कापायची नाहीत. पीस मुळापासून उपटून घ्यायचं, कारण ओळखायला लागते ती मुळाजवळची मऊ लव, वरचा दिमाखदार भाग नव्हे. रक्ताचा डाग अल्कोहोल वाइपने पुसायचा आणि तो वाइपच पाठवायचा. सगळं झिपलॉक पिशवीत. मग एफएएच्या वाइल्डलाइफ साइटवर ५२००-७ नंबरचा फॉर्म भरायचा, दहा मिनिटंही लागत नाहीत, त्याची प्रिंट काढून पिशवीसोबत पाकिटात घालायची आणि वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या नैसर्गिक इतिहास म्युझियममध्ये फेदर आयडेंटिफिकेशन लॅबला पोस्टाने रवाना. खर्च फक्त पोस्टाचा. लॅबला पैसे एफएए, एअर फोर्स आणि नेव्ही देतात.

ही लॅब सुरू कशी झाली तर ४ ऑक्टोबर १९६० ला बॉस्टनच्या लोगन विमानतळावरून उडालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या इलेक्ट्रा विमानाच्या इंजिनांत काहीतरी गेलं आणि ७२ पैकी ६२ माणसं मेली. इंजिनांतली पिसं स्मिथसोनियनला आली आणि रॉक्सी लेबोर्न नावाच्या बाईंनी त्यांच्या साठवणीतल्या पक्ष्यांशी ताडून सांगितलं, स्टार्लिंग. मैनेच्या कुळातला, मुठीएवढा पक्षी. तिथून पिसांवरून पक्षी ओळखायचं हे अख्खं शास्त्रच त्या बाईंनी उभं केलं. आज लॅबकडे वर्षाला हजारोंनी पाकिटं येतात, आणि विमानावरच्या त्या चिकट लगद्याला त्यांच्यात 'स्नार्ज' म्हणतात. ऐकायलाच चिकट शब्द.

पीस पूर्ण असेल तर ते म्युझियममधल्या पक्ष्यांशेजारी ठेवून बघतात, आणि तिथे सहा लाखांच्या वर पक्षी ड्रॉवरमध्ये ठेवलेले आहेत. नुसती लव असेल तर मायक्रोस्कोपखाली, बदकाच्या लवीवर त्रिकोणी गाठी दिसतात, कबुतराच्या फुलासारख्या उमललेल्या. आणि नुसतं रक्त असेल तर डीएनए. पण डीएनएवर आंधळा विश्वास ते ठेवत नाहीत. एकदा एका विमानाच्या धडकेचा डीएनए निघाला हरणाचा, आणि विमान होतं १,५०० फुटांवर! मग नमुन्यात पिसाचा एक कण सापडला, मायक्रोस्कोपखाली तो काळ्या गिधाडाचा निघाला. गिधाडाने हरीण खाल्लेलं होतं, विमानावर सांडलं ते त्याचं जेवण. न्यूयॉर्कला हडसन नदीत उतरवलेल्या विमानाचे नमुनेही इथेच आले होते, १५ जानेवारी २००९, १५५ माणसं, सगळी वाचली. लॅबने सांगितलं दोन्ही इंजिनांत कॅनडा गीज, आणि पुढे पिसांतल्या आयसोटोपवरून (पक्षी कुठल्या भागात वाढला याची रासायनिक खूण) हेही निघालं की ते न्यूयॉर्कचे रहिवासी गीज नव्हते, उत्तरेकडून आलेले पाहुणे होते. याला महत्त्व आहे, कारण रहिवाशांना हाकलता येतं, पाहुण्यांसाठी आकाशावर नजर ठेवावी लागते.

माझं उत्तर ईमेलवर आलं. किलडिअर. आपल्या टिटवीच्याच कुळातला, रात्री-अपरात्री ओरडणारा, खडीवर अंडी घालणारा. आणि आमच्या रनवेच्या कडेला नवी खडी टाकलेली होती! एवढं एक नाव कळल्यावर एअरपोर्ट मॅनेजरशी बोलायला मुद्दा मिळाला, नाहीतर 'पक्षी धडकला' म्हटल्यावर ते खांदे उडवून मोकळे. आता पुढच्या हंगामाआधी त्या खडीचं काय करायचं ते बघतायत. बघतायत म्हणजे कमिटी बसली आहे, पण असो.

आणि हे सगळे रिपोर्ट जातात एफएएच्या डेटाबेसमध्ये, १९९० पासूनचे, आणि ते तुम्ही घरबसल्या बघू शकता. आधी हा उघडा नव्हता, हडसननंतर एफएएचा विचार तो बंदच ठेवायचा होता, लोकांनी आणि पेपरवाल्यांनी ओरड केल्यावर एप्रिल २००९ मध्ये खुला झाला. भाच्याला पहिलं काम हेच लावलं, तुझ्या एअरपोर्टचा कोड टाक आणि महिना लावून बघ. त्याच्या यादीत गिधाडं, गायबगळे, आणि पूर्ण फ्लोरिडा लावल्यावर चक्क मगरी. "मावशी, रनवेवर मगर?!" हो बाबा, रनवेवर मगर, उन्हाला येऊन पडते. आमच्याकडे हरणं. हरीण दिसायला गरीब पण एकेका धडकेमागे नुकसान करण्यात एफएएच्या यादीत वरच्या नंबरात, गिधाड आणि गीजच्या जोडीला. रात्री टॉवर नसलेल्या छोट्या स्ट्रिपवर उतरायचं असेल तर आधी एकदा कमी उंचीवर रनवेवरून जाऊन बघावं, मगच उतरावं.

डेटाबेसचा दोष एकच, रिपोर्ट भरणं ऐच्छिक आहे, त्यामुळे जिथे मॅनेजर जागरूक तिथे आकडा जास्त दिसतो आणि आळशी एअरपोर्ट स्वच्छ दिसतो. आकडे वाढत २०२३ मध्ये वर्षाला १९ हजारांच्या वर गेले, त्यात लोक जास्त रिपोर्ट करायला लागले हाही भाग आहे. लॅबला मात्र पाच पैकी पाच, सहा द्यायची सोय असती तर सहा.

सहज आठवलं म्हणून सांगते, आमच्या राइट-पॅटरसनच्या आवारात हफमन प्रेअरी म्हणून कुरण आहे, राइट बंधू तिथे सराव करायचे, आणि ७ सप्टेंबर १९०५ ला ऑर्व्हिलने पक्ष्यांच्या थव्यामागे दोन चकरा मारून एक पक्षी मारला, तो वरच्या पंखावर पडला, आणि वळण घेताना खाली घसरला, अशी नोंद त्यांच्या वहीत आहे. थव्याच्या मागे मुद्दाम लागला म्हणे! आज कोणी असं केलं तर.

भारतातल्यांनी विचारू नये म्हणून सांगते, अहास आणि बर्डकास्ट दोन्ही अमेरिकेपुरतेच आहेत, नवी मुंबईवर चालणार नाहीत. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने ३९ फ्लेमिंगो पडले ते आठवत असेल, तिथे अशी रात्रीची रडारवाली सर्विस कोणी काढली तर मी पहिला रिव्ह्यू लिहीन. तिकडे परत जाऊन एअरलाइनला लागणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, भारतात धडकेचा रिपोर्ट ऐच्छिक नाही, डीजीसीएला, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक महासंचालनालयाला, द्यावाच लागतो, तर सवय इथेच लावून घ्या.

आणि समोर थवा आलाच तर, भाच्याचा मूळ प्रश्न तोच होता: शक्य असेल तर वर जा, खाली नको, कारण घाबरलेले पक्षी बहुतेक खाली सूर मारतात. पण टेकऑफनंतर लगेच असाल तर नाक ओढत बसू नका, स्टॉल झालात (पंखांची उचल गेली) तर पक्ष्याची गरजच नाही. काच फुटली तर आधी विमान उडवा, रेडिओ नंतर. बॅगेत चार अल्कोहोल वाइप आणि दोन झिपलॉक ठेवा, आणि हँगरचे आजोबा बादली घेऊन आले तर त्यांना नम्रपणे थांबवा.